हरकत क्रमांक एकशे बारा

मी त्रिशला भूपाल मगदूम.
राहणार शुक्रवार पेठ, भाड्याच्या दोन खोल्या, वरचा मजला.
तुमच्या चिठ्ठीवर माझा नंबर एकशे बारा,
आणि वेळ तीन मिनिटं.
तीन मिनिटांत माझा कुकर एक शिट्टीसुद्धा देत नाही, साहेब.
तरी बोलते.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.
सासूबाईंनी घड्याळ कधी बघितलं नाही.
पंचगंगेकडचं ऊन भिंतीवरून उतरत
पाटाच्या कडेला टेकलं की ताटं वाढायची.
पिढ्यान् पिढ्या आम्ही सूर्याच्या हिशेबानं जेवलो,
चूल तेवढी त्याची कधी झाली नाही.
आधी लाकूड.
मग रॉकेल. आठवीत होते, डबा घेऊन रांगेत उभी राहायची,
हाताचा वास गणिताच्या वहीला लागायचा.
मग लाल सिलिंडर आला.
आला तेव्हा हळदकुंकू लावलं त्याला, खोटं कशाला बोलू?
आता कुठल्या तरी समुद्रात जहाज अडतं
आणि माझ्या आमटीत पाणी वाढतं.

तुम्ही म्हणाल, वीज आहे की!
आहे. शेगडी घेतली मी, हप्त्यानं.
भाकरी तिच्यावर नीट फुगत नाही, हे आधीच कबूल करते.
निम्मी फुगते, मग रुसल्यागत बसते.
ते माझं मी बघेन, हात शिकतो.
पण साडेपाचला गल्लीभर मोटारी लागतात,
दिवे पिवळे पडतात,
शेगडी एकदा टुंई करते आणि मरते.
महिन्याअखेरीला बिल येतं ते वरच्या टप्प्यात चढलेलं,
जणू मी भात नाही, साखर कारखाना चालवला.
आणि ती वीज तरी कशाची? कोळशाचीच ना?
म्हणजे माझ्या घरातला धूर
तुम्ही उचलून लांब नेऊन ठेवलात, एवढंच.
तिथंही कुणी असेल की
वाळत घातलेलं लुगडं दोनदा झटकणारी.

घरमालक जिन्नाप्पा पत्र्यावर पॅनेल बसवायला तयार झाले.
अर्ज दिला श्रावणात.
उत्तर आलं, ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही.
दिवाळीनंतर, मीटर शिल्लक नाही.
संक्रांतीला, अर्जच सापडत नाही.
इकडं पत्रा रोज तापतोय.
सासूबाईंचे सांडगे त्यावर दोन दिवसांत खडखडीत वाळले.
सांडग्यांना तुमची मंजुरी लागत नाही, म्हणून वाळले.

कंपनीचे साहेब मघा म्हणाले, लोकांची मानसिकता नाही.
माझी मानसिकता आठ महिने
तुमच्या खिडकी नंबर चारसमोर उभी आहे, साहेब,
खुर्चीसुद्धा न मागता.
दुपारची वीज स्वस्त करा, डाळ दुपारीच शिजवून ठेवते.
ज्याला छप्पर नाही त्याला दुसऱ्याच्या छपरात वाटा द्या,
शेत अर्धलीनं करतात तसं.
आणि अर्जावर तारीख टाका.
मला उशीर झाला की दंड लागतो,
तुम्हाला झाला की नुसतं पुढच्या सोमवारी या.

घंटा वाजली? वाजू दे.
एवढंच लिहून घ्या:
या हॉलचे पडदे सगळे ओढलेले आहेत
आणि भर दुपारी चोवीस दिवे चालू आहेत, मी मोजलेत.
मी निघते.
ऊन पाटाच्या कडेला यायच्या आत पोचायला हवं.
जाता जाता दाराजवळचा एक पडदा सरकवला तर
त्यालाही अर्ज लागेल का?