नाक

शेजारच्या अंगणात टोपलू काकांनी काड्या रचल्या होत्या,
कपाशीच्या, कडकडीत,
परातीत बामणोदची हिरवी वांगी, टोचलेली, तेलाचं बोट फिरवलेली.
काडीपेटी खुळखुळली तसे आबा कुंपणावरून म्हणाले,
"थांब भो, पेट्रोल उघडायचंय."
"किती येळ?"
"वास जाईस्तोवर."

ओम्नी हिंगोण्याच्या रस्त्याला तीनदा आचके देऊन थांबलेली.
तीस वर्षं यावल डेपोत एसटीच्या पोटाखाली काढलेला माणूस
घरची गाडी दुसऱ्याला उघडू देत नाही.
पण गुडघे आता देत नाहीत.
म्हणून खाली मी,
बाहेर खुर्चीत आबा, हातात बॅटरी, तोंडात हुकूम.

"चाकांना विटा लाव.
जॅक म्हणजे मुऱ्हाळी, उचलून आणतो फक्त;
संसार लाकडाच्या ठोकळ्यांवर."

"पंपाचा फ्यूज काढ. आता चालू कर."
फ्यूज काढून चालू?
"नळीतलं उरलंसुरलं पिऊ दे तिला."
दळण संपलेल्या गिरणीसारखी ती रिकामी घुमली
आणि गप्प झाली.
"परत एकदा चावी. हं.
आता बॅटरीची काळी तार. काळीच, आधी.
आता थंड होऊ दे. चहा पिऊन घे, पण घरात."

चहानंतर टाकीचं झाकण सैल केलं, फुस्स म्हणालं.
माझ्या ओढणीकडे आबांनी नुसतं बघितलं,
मी ती दोरीवर टाकली.
फोन ओट्यावर, चष्मा डोळ्यांवर,
वाळूची बादली हाताशी.

मुठीएवढा डबा, वर चिखलात बुजलेला बाण.
नळीभोवती फडकं गुंडाळून क्लिप ढिली केली
आणि तरी एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला,
थंड, पौषातल्या विहिरीहून थंड.
जुना फिल्टर पत्र्याच्या डब्यात उलटा केला :
चहाच्या चोथ्यासारखा गाळ.
हे पीत होती बिचारी.

"बाण इंजिनाकडे, हर्षे."
माहीत आहे.
"माहीत असलं तरी म्हण."
बाण इंजिनाकडे.

फ्यूज, काळी तार.
चावी अर्धीच फिरवली; पंप गुणगुणला, थांबला.
पुन्हा. पुन्हा.
आबा गुडघ्यांना शिवी देत वाकले,
नळीपाशी नाक नेलं, छाती भरून श्वास घेतला.
"कोरडी."

आणि मला
तीन हातांवर
वास येत होता.

उतू जाऊन जळालेलं दूध.
दिवाळीआधी उघडा राहिलेला गॅस,
बाजूलाच पेपर वाचत बसलेले ते.
आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं यांचं.
दोन वर्षांपूर्वीचा तो ताप उतरला होता,
जाताना काय घेऊन गेला ते कुणी मोजलं नव्हतं.
यांचे खाकी शर्ट आई वेगळ्या बादलीत धुवायची,
डिझेल जात नाही म्हणून,
आणि मी लहानपणी अंधारातही ओळखायचे
घरात कोण आलंय ते.

"चावी बंद करते," मी म्हणाले. "काळी तार काढते परत."
"कशाला?"
"क्लिप तिरकी दिसते."
दिसत नव्हती.
बोट फिरवलं तर ओलं.

आबांनी माझं बोट पाहिलं.
मग सातपुड्याकडे बघत राहिले,
तिथे काही नवीन नव्हतं.
"डब्यात नवी क्लिप आहे," म्हणाले. "जुनी आवळत बसू नको."

दुसऱ्या वेळी ते वाकले नाहीत.
"तू बघ."
थोड्या वेळाने,
"नाकानं."

बघितलं. कोरडी.
गाडी पहिल्या फटक्यात लागली,
त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

फडकी दूर काट्यांवर पसरली, गाळाच्या डब्याला झाकण लावलं,
गटारीत ओतायचं नाही हे न सांगता कळलं.
कुंपणापलीकडून आवाज आला,
"चावदस भाऊ, पेटवू का आता?"

आबांनी उत्तर दिलं नाही.
माझ्याकडे मान वळवली, जरा लाजल्यासारखी.

मी हवा हुंगली.
शेण, केळीची ओली सोपटं, कुणाकडची तरी लसूण,
आणि त्याखाली अजून, पातळ,
तो.

"थोडं थांबा काका."
"वांगी म्हातारी होतीन व माय!"

"होऊ दे," आबा म्हणाले,
आणि हळूच, मलाच ऐकू येईल असं :
"लसूण कुणाकडची?"