टीप लिहा : पाच गुण

बिंदू चौकात, तुरुंगाच्या भिंतीकडं तोंड करून
माझं झेरॉक्सचं दुकान.
मगदूम सरांच्या नोट्स मी किती वेळा काढल्या
ते मशीनचा काउंटर सांगेल,
पण तो दोनदा शून्यावर आलाय.

पान चौदा. त्यावर ती.
बायझंटाइनची कुणी सेनापतीची लेक,
नाव एवढं अवघड की पोरं नुसतं 'ती बाई' म्हणतात.
नवरा वेढ्यात गेला. ती मठात बसली
आणि वेढा लिहून काढला.
तटावरून कुठलं तेल ओतलं,
पिठाचा भाव कितव्या दिवशी दुप्पट झाला,
कोण पळालं. तेही, नावानिशी.

दर दोन वर्षांनी ती पेपरात येते.
टीप लिहा. पाच गुण.
आठशे वर्षं, पाच गुण.
साडेतीन पडले तरी पोरं खूश,
गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन
धारोष्ण पेला मारतात तिच्या नावानं,
म्हणजे नाव न घेता.

मी सरांना एकदा विचारलं,
सर, कावळा नाक्यावर आपल्या राणीचा पुतळा आहे,
घोडा, तलवार, सगळं जिथल्या तिथं.
हिचा कुठं आहे?
सर सुटे पैसे मोजत होते.
म्हणाले, पुतळा नाही. थडगं सापडत नाही.
दिसायला कशी होती, तेही कुणी लिहिलेलं नाही.
आणि चौदावं पान माझ्यापुढं धरलं :
"हे जरा गडद काढ."

पुढं पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली.
सरांची वही तीन दिवस पाण्याखाली.
निळी शाई होती. काय राहणार?
दुसऱ्या वर्षी सरही गेले.
आता आहे ती झेरॉक्सची झेरॉक्स,
काना गेलेली, वेलांटी पुसलेली,
'तट' कुठं आणि 'तर' कुठं, अंदाजानं वाचायचं.

एक सांगायचं राहिलं.
पान चौदाच्या कोपऱ्यात एक गोल आहे.
अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमध्ये, ऐन गर्दीत,
त्यावर चहाचा कप मी ठेवला होता.
सर काही बोलले नाहीत.
गोल मात्र प्रत्येक प्रतीत उतरत गेला.

परवा गारगोटीची शहनाज मुजावर पेढे घेऊन आली.
पाचपैकी साडेचार!
मी आकृती पण काढली होती, म्हणाली,
तटबंदीची. कंपासनं. खालच्या बाजूला जिथं तुटलीय
तिथं बाण दाखवून लिहिलं : 'शत्रू इथून आत आला.'

मी पेढा तोंडात धरून गप्प.
तपासणारेही मगदूम सरांचेच विद्यार्थी असणार,
त्यांनी तरी दुसरा तट कुठं पाहिलाय?

खरं सांगावं असं रोज ठरवतो.
मग कुणीतरी येतं, पान चौदा मागतं.
मी काच पुसतो, कागद सरळ करतो,
गडदचं बटण दोन घरं पुढं नेतो.
गोल असू देतो.