तपासणी विभाग, नाशिकरोड

भोंग्याआधी दहा मिनिटं गायधनीकाका
जेलरोडवरून सायकल हाणत प्रेसला पोचायचे.
एकतीस वर्षं
एकाच म्हाताऱ्याचा चेहरा तपासायला:
चष्म्याची काडी तुटली का,
शाई ओठांवर उतरली का.
एकदा हसू पुसट आलं,
तर अख्खा ताव रद्द.

संध्याकाळी गेटवर झडती. खिसे उलटे.
अर्धी सुपारी, सायकलची किल्ली.

निवृत्तीनंतर उपनगर नाक्यावर
मेथीची जुडी घेताना
सुट्ट्यांत तोच आला,
घामट, चार घड्यांचा,
कपाळावर कुणाचा तरी फोन नंबर.
काकांनी सवयीनं उजेडात धरला.

भाजीवाली वैतागली, "चालते ना हो?"

"चालतोय," काका म्हणाले,
"अजून चालतोय,"
आणि घडी न घालता
वरच्या खिशात ठेवला.