कार्बनप्रत

शिरधनकर वकील सांगत, मी टाइप करी,
कोर्टाच्या कंपाउंडात, उंडीच्या झाडाखाली.
माझ्या मशीनचा ळ पहिल्यापासून अर्धाच उठायचा.
कुळकायद्याच्या दाव्यात हे अक्षर फार लागतं.
कागदावर सगळ्यांचीच कुळं थोडी मोडकी उमटली.

पहिली केस रुक्मीण धोपटची.
सर्व्हे नंबर एक्केचाळीस, हिस्सा सात,
खाजणातले अकरा गुंठे, खाडीच्या मेरेला.
फी म्हणून पायलीभर कुळीथ.
साहेब मुंबईहून अर्थशास्त्र शिकून आलेले, तरी
त्यांनी कुळीथ मोजून घेतले नाहीत.
युक्तिवादात मला म्हणाले, लिही,
जमिनीला बाजारभाव असतो,
तो म्हणजे तिची किंमत नव्हे.
जज्जांनी चष्मा काढून विचारलं, हे कुठल्या कलमात?
दावा मात्र जिंकलो.

पुढं ते निवडून आले. एकदा, मग आणखी तीनदा.
फेरीबोटीत लोक उठून जागा देत,
ते उभेच राहत
आणि खलाशाला डिझेलचा दर विचारत.
अठरा महिने राज्यमंत्री होते.
खारबंदिस्तीला पैसे आणले, उघाडीला नव्या झडपा बसल्या,
आणि कंत्राटदार त्यांचा मेव्हणा नव्हता,
हे मी इथं लिहून ठेवतो.

मग बंदराचा प्रकल्प आला.
सभागृहातलं भाषण सांगायला ते माझ्या घरी आले,
रात्री साडेदहाला, चपला न काढताच.
एकवीस पानं. रोजगार, दरडोई उत्पन्न, धक्क्याची खोली.
सतराव्या पानावर एक वाक्य होतं:
संपादनातून खाजण वगळावं, ही माझी मागणी आहे.
ते टाइप झालं. मी थांबलो.
खाडीत कुणाच्या तरी होडीचं इंजिन खोकत होतं.
साहेब म्हणाले, पान नवं घाल. एवढं सोडून.
मी घातलं.

यादीत एक्केचाळीस होता, हिस्सा सातसकट.
रुक्मीण तोवर वारली होती.
पोरानं चेक उचलला, रिक्षा घेतली;
मागच्या काचेवर साहेबांचाच फोटो.

हल्ली ते संध्याकाळी जेटीच्या टोकाला बसतात.
कुणी भेटलं की भरतीची वेळ विचारतात,
पूर्वी पुढची तारीख विचारत तशी.
परवा म्हणाले, तुझ्याकडे जुनं काही उरलंय का रे?
नाही म्हटलं.

ट्रंकेत तो निळा कार्बन आहे.
दोन्ही पानांना एकच वापरला होता, काटकसर म्हणून.
खिडकीशी धरला की ओळीवर ओळ चढलेली दिसते,
तरी शोधलं तर सापडतं, वगळावं,
ळ अर्धाच.