वळण

आमच्या घरात ळ नव्हता.
कळव्यात घर, पण राहायचो कलव्यात.
बाप बाळाराम, हाक बालाराम,
मासळी ती मासली,
चवीत काही फरक पडत नसे.

टिपणीस बाईंनी पहिल्याच आठवड्यात
माझी जीभ वळवायला घेतली.
शंभर वेळा ळ. पाटीवर, मग वहीत,
उरलेले हवेत, बोटानं.
"वळण लागलं पाहिजे," म्हणायच्या,
आणि मला वाटायचं, बाई
विटाव्याच्या पुलाखालच्या रस्त्याबद्दल बोलतायत.

पुढे राबोडीत यासीन उस्तादांकडे
बोर्ड रंगवायला लागलो.
त्यांचा हात उर्दूत घडलेला,
मराठी पाटीही उजव्या टोकाकडून मोजत यायचे:
आधी शेवटच्या अक्षराला जागा,
म्हणजे दुकानदाराचं आडनाव
भिंतीबाहेर लोंबत नाही.
अजून मी तसाच मोजतो.
ब्रशाचं टोक ओठांनी सारखं करतो,
आणि थुंकताना पुटपुटतो
जे ते पुटपुटायचे, अर्थ न कळता.

अक्षरांचा जाडपणा सिनेमाच्या पोस्टरवरून,
सावली पाडायची रीत एका ट्रकवरून,
तोही नागालँडचा.
माझं काय म्हणून खिशात हात घालावा
तर सगळी दुसऱ्यांची सुटी नाणी.

मग फ्लेक्स आला.
वाढदिवस, श्रद्धांजली, दहावीचे क्लास,
सगळ्या ठाण्याचं अक्षर एक झालं.
चार महिने मीही माऊस धरून पाहिला.
पडद्यावरचा ळ इतका नीट
की त्याच्यासमोर मी पाय पुसून बसायचो.

गेल्या महिन्यात खारटन रोडला
एका गिरणीवरचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटला.
आत जुनी पाटी तशीच:
येथे दळण दळून मिळेल.
"यासीनभाईंचं काम," गिरणीवाला म्हणाला,
"काय हात होता!"
मी मान डोलावली.
मग पाहिलं.
तिन्ही ळ. तिन्हींचं दुसरं वेटोळं
पहिल्याहून लहान, बुजल्यासारखं,
परक्या घरी उंबऱ्यापाशीच टेकलेला पाहुणा जसा.
ह्याच वेटोळ्यासाठी बाईंची छडी खाल्ली होती,
उस्तादांनी दोनदा पुसायला लावलं होतं.
मी समजत होतो, ते गेलं.

आईला सांगितलं, तर तिनं
रेशनकार्डाच्या पिशवीतून पासबुक काढलं.
हिरूबाई बाळाराम.
सही चाळिशीत शिकली ती,
मीच शिकवली, सातवीत असताना.
तिच्याही ळचं दुसरं वेटोळं लहान.

"म्हणजे हे माझं," मी म्हणालो.
"तू माझ्याकडून घेतलंस."
ती लसूण सोलत होती.
"तू शिकवलास खरा," म्हणाली,
"पन हात त माजाच व्हता ना रं."

यावर काय बोलणार.
खाडीवर जाऊन बसलो, भरती चढत होती.
वळणाचं पाणी वळणाला जातं म्हणतात,
इथं ते दिवसातून दोनदा उलटं येतं.
त्यातलं उल्हासचं किती, समुद्राचं किती,
तिवराला विचारा;
तो पितो दोन्ही,
आणि पानांमागे थोडं मीठ ठेवून देतो.

आज विटाव्याच्या धक्क्यावर
एका होडीला नाव घालायचं होतं.
कमळी. मालकाच्या आत्याचं.
तो मात्र सकाळपासून कमली, कमली करतोय.
"काय लिहू रे," मी विचारलं, "ळ की ल?"
त्यानं डोकं खाजवलं.
"लिवायला ळ," म्हणाला.
"हाक आमी मारू."

मी उजव्या टोकाकडून मोजायला लागलो.