पावफुलाचं मलम

दव उडाल्याशिवाय फुलाला हात लावायचा नाही.
एवढं एकच मी कुणालाही शिकवते,
बाकीचं हात आपले आपण शिकतात.

इथे हिऊमा बेटावर त्याला पावफूल म्हणतात.
का, ते मला विचारू नका. दुकानात पाव नव्हता
त्या वर्षीही ते असंच नारिंगी फुललं होतं
बटाट्याच्या वाफ्याकडेला, कुणी न सांगता.

बाराच्या सुमाराला खुडते.
देठाशी चीक असतो, बोटं बोटांना चिकटतात,
नाक खाजवायची सोय राहत नाही.
मग न्हाणीच्या माळ्यावर जुनी चादर, चादरीवर फुलं,
आणि ती वाळेपर्यंत खाली चूल पेटवायची नाही,
वाफ नको.
एलमार यावरून कुरकुरायचा.
आता कुरकुरायला कुणी नाही,
तरी मी आठवडाभर बादलीतल्या गार पाण्यानंच उरकते.

पाकळ्या चुरचुरीत झाल्या की बरणीत,
वर सूर्यफुलाचं तेल, सहा आठवडे खिडकीत.
एक पाकळी ओली राहिली तर अख्खी बरणी खवट होते.
हे मी दोनदा शिकले.
दुसऱ्यांदा तर चांगलं ठाऊक असून.

मेण मात्र माझं नाही. मेण काल्योचं,
भिंतीपलीकडच्या.
सामुदायिक शेती मोडली, जमिनी परत मिळाल्या,
तेव्हा मोजणीदाराची दोरी
सफरचंदाच्या बरोबर बुंध्यातून गेली.
त्यावर सत्तावीस वर्षं आम्ही बोललो नाही.

पण ऑगस्ट सरता सरता
भिंतीवरच्या सपाट दगडावर
वर्तमानपत्रात बांधलेला मेणाचा गोळा असायचा,
आणि सप्टेंबरात त्याच दगडावर माझी डबी.
थंडीत जाळी ओढून त्याची बोटं
जुन्या होडीच्या फळीसारखी तडकतात.
मला कसं ठाऊक?
भिंत काही एवढी उंच नाही.

यंदा दगड रिकामा.
एक दिवस. चार दिवस.
तेल गाळून झालं होतं, फडकं धुऊन वाळत होतं.
मी वाट पाहिली,
मग वाट पाहत नाही असं मांजराला दाखवलं.
दहाव्या दिवशी रस्त्यानं वळसा घालून
त्याच्या फाटकातून गेले.

मधमाश्यांच्या पेट्या उपड्या घातलेल्या, घासून धुतलेल्या.
"हिवाळ्यात गेल्या. सगळ्या,"
तो म्हणाला, माझ्याशी नव्हे, पेट्यांशी.
"उरलेलं मेण उंदरांनी नासलं."
मग आत गेला. बराच वेळ आतच होता.
अर्धी जळलेली मेणबत्ती घेऊन आला,
नाताळची, त्याच्याच मेणाची,
हिल्यानं ओतलेली.
हिल्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
वात जराशी वाकडी होती.

पातेल्यात पाणी, पाण्यात वाडगा, वाडग्यात मेणबत्ती.
वात काट्यानं काढली.
काजळीचे दोन कण राहिले, राहू दिले.
गार बशीवर थेंब टाकून पाहिला:
आळला, पण बिचकत बिचकत.
मेण कमी पडत होतं.
आणखी कुठून आणणार होते?

डबी दगडावर ठेवायची होती. दगडापर्यंत गेलेही.
तो पलीकडे उभा होता, कामाशिवाय,
म्हणून हातातच दिली.

त्यानं बोट बुडवलं, अंगठ्याच्या चिरेत भरलं,
मग हुंगलं.
"पातळ झालंय."
"मेण किती दिलंस ते आठव."
"धुराचा वास येतोय."
"येणारच."
तो काही बोलला नाही. दुसऱ्या हाताला लावलं,
मग परत पहिल्या,
जिथे आधीच लावलेलं होतं तिथे.

झाडावरून एक सफरचंद पडलं.
कुणाच्या बाजूला,
ते पाहायला मान वळवावी लागली असती.

"झाकण घट्ट लाव," मी म्हटलं,
"उन्हात ठेवू नकोस. वितळेल."