हं

महापेला, तिसऱ्या मजल्यावर, मी हुंकार निवडते.
होकाराचा हं. कंटाळ्याचा हं.
शेजारी सासू बसलीये म्हणून आखूड झालेला.
दिवसाला चारशे; मध्ये खोकला निघाला
तर त्याचे पैसे नाहीत.

हे सगळं मितूसाठी.
तो बसणार नेरूळच्या डायलिसिस केंद्रात,
चार-चार तास सुईला बांधलेल्या माणसांच्या उशाशी.

काल चाचणीला दिवाळ्याचे हिराजी नाखवा आले.
मितूने विचारलं, होडी आहे ना अजून?
"हं."
माझ्या पडद्यावर रकाने उघडले :
होकार, एकाहत्तर टक्के.
होडी शिमग्याआधीच विकली,
लिफ्टमध्ये त्यांची मुलगी म्हणाली होती मला.
मितूला कोण सांगणार?

त्याने मान जराशी खाली घेतली.
पुढचा प्रश्न विचारलाच नाही.
एसीची घरघर. अकरा सेकंद.
नाखवांनी त्याच्या प्लास्टिकच्या गुडघ्यावर हात ठेवला :
"झोपलास क रं?"

पणशीकर सर काचेपलीकडून म्हणाले, अडकलाय.
'प्रतिसाद नाही' दाब.
माझं बोट तिथंच, वरच्या वर.

"दाबतेयस ना, विशाखा?"

हं,
म्हटलं मी.